चार बोटं जास्त

शिशाचे उंदीर पाच कमी होते.

दर खंडेनवमीला मी आबांची पत्र्याची ट्रंक उघडते. रंधा, पटाश्या, गुण्या, सरसाचं डबडं आणि तळाशी जुन्या धोतराच्या फडक्यात बांधलेले उंदीर. सगळं पुसायचं, पाटावर मांडायचं, हळदकुंकू वाहायचं, झेंडूचं फूल ठेवायचं. उंदीर चोवीस. सहा वर्षांची असल्यापासून ते मोजायचं काम माझ्याकडे आहे, आणि आता मी एकोणऐंशीची आहे. त्या सकाळी एकोणीस भरले. चष्मा पुसून पुन्हा मोजले. एकोणीसच.

हे उंदीर म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण ते वापरणारं आता कुणी उरलेलं नाही. आबा, म्हणजे माझे वडील श्रीपती पांचाळ, ग्लायडरच्या कारखान्यात सुतार होते. त्या काळी पंखाचं चित्र कागदावर छोटं काढून भागत नसे. कारखान्याच्या लाकडी जमिनीला पांढरा रंग देऊन तिच्यावर पंख खऱ्या मापाचा काढायचे. पंखाची पाठ पुढे गोल आणि मागे निमुळती. ती रेघ ओढायला सागाची लांब लवचीक पट्टी वाकवायची, आणि पट्टी सरकू नये म्हणून तिच्यावर शिशाची वजनं ठेवायची. दीड-दीड किलोची, मुठीत मावतील अशी, पुढून टोकदार नि मागून गोल. म्हणून उंदीर. आबा गुडघ्यांवर बसून एक डोळा बारीक करून रेघेकडे बघायचे आणि म्हणायचे, "कालू, तिसरा उंदीर जरा तिकडं सरकव. तितं वारं अडखळतंय." मी सरकवला की रेघ खरोखरच गुळगुळीत दिसायची.

पाच उंदीर म्हणजे साडेसात किलो शिसं. घरात मी आणि माझी भाची शलाका, दोघीच. धाकट्या बहिणीची मुलगी; नऊ वर्षांची असताना आई गेली, तेव्हापासून माझ्याकडे. आता चौतिसाची. जलाशयापलीकडच्या वाड्यांना औषधं, रक्त, लशी पोहोचवणाऱ्या एकआसनी विमान सेवेत ती वैमानिक होती. त्या दिवशी दुपारी एकला नैवेद्याला येते म्हणून गेली होती. आल्यावर विचारू, असं म्हणून मी एकोणीस उंदरांना कुंकू लावायला बसले. अकराव्या की बाराव्या उंदरापाशी माझा हात थांबला.

तो का थांबला हे कळायला थोडं मागे जावं लागेल.

विमानाला शेपटी कशाला लागते हे आबांनी मला बाणावरून शिकवलं. बाणाला पुढे जड टोक आणि मागे पिसं. टोक मोडलं की बाण गिरक्या खातो. विमानाचंही तसंच. सगळं वजन ज्या बिंदूवर तोलून राहतं, तो गुरुत्वमध्य, पुढच्या बाजूला असावा लागतो. मागून शेपटी सगळ्याला सरळ धरते. गुरुत्वमध्य जितका मागे सरकेल तितकी शेपटी दुबळी पडते. एका हद्दीपलीकडे विमान आपणहून नाक वर करतं आणि खाली घ्यायला ऐकत नाही. वेग जातो, पंखावरून वाहणारी हवा सुटते, आणि विमान भोवऱ्यासारखं फिरत जमिनीवर येतं. चारशे माणसांच्या विमानात एखादा सुकला तर विमानाला पत्ताही लागत नाही. एकआसनी विमान मात्र दीडशे किलोचं आणि त्यात बसणारा साठ किलोचा. तिथे वैमानिक प्रवासी नसतो. तो बाणाचं टोक असतो.

आमच्या कारखान्यात एक रीत होती. शेपटीचा आडवा पंख गणितानं जेवढा येईल तेवढा आखायचा, आणि मग जो सुतार तो बसवणार असेल त्यानं दोन्ही टोकांना आपली चार बोटं आडवी ठेवून तेवढं लाकूड जास्त सोडायचं. पुढे मीही तिथेच आराखडे काढायला लागले, तेव्हा चित्रात माझी चार बोटं. नोकरी करत पदविका मिळवली त्या वर्षी मी आबांना तोऱ्यात म्हणाले होते, "हे गणितात बसत नाही. फुकटचं वजन आणि फुकटचा वाऱ्याला अडथळा."

आबा रंध्याचं पातं घासत होते. मान वर न करता म्हणाले, "विमान सुकत न्हाई का फुगत न्हाई. मानूस सुकतंय. टायफाड झाला, बायकू म्हायेरी गेली, दिवाळीचं लाडू झालं, मानूस त्येच ऱ्हातं व्हय? त्या मानसासाटी चार बोटं."

बारा वर्षांपूर्वी मापारी आला. पूर्वी बाजारात धान्य मापून देणाऱ्याला मापारी म्हणत. कंपनीनं आपल्या यंत्राला तेच नाव दिलं. काचेच्या खोलीत उभं राहून एक गिरकी घ्यायची. मापारी तुमचं वजन, उंची, मांडीची लांबी, खांद्यांची रुंदी टिपतो, कुठून कुठे उडायचंय ते विचारतो, आणि फक्त तुमच्यासाठी विमान रचतो. अकरा दिवसांत ते तंतूंच्या थरांनी छापून तयार. पंख लांब आणि सडपातळ, कारण लांब पंखाच्या टोकाशी हवा कमी वाया जाते. धड माशासारखं, खांद्यांपाशी रुंद आणि मागे काठीएवढं बारीक; आत बसल्यावर कूस बदलायलाही जागा नाही. आणि शेपटी अगदी चिमुकली, कारण माणसाचं वजन ग्रॅमपर्यंत ठाऊक असताना मोठी शेपटी वागवायची कशाला? ज्या बॅटरीवर पूर्वी ऐंशी किलोमीटर जाता येई तिच्यावर आता दोनशे.

या मापारीला शिकवायला कंपनीनं देशभरातून जुने आराखडे गोळा केले. त्यांत आमच्या कारखान्याचे एकतीस होते, त्यांतले नऊ माझ्या हातचे. मी निवृत्त झाले होते. मला सल्लागार म्हणून बोलावलं. थंडगार खोली, लांबलचक टेबल, भोवती तिशीच्या आतली मुलं-मुली. निरंजन टिळेकर नावाचा इंजिनिअर फार अदबीनं म्हणाला, "मॅडम, मापारी एका ठिकाणी अडलाय. तुमच्या एकतीसही विमानांत शेपटी गणितापेक्षा दोन्हीकडे जास्त आहे. कधी सहासष्ट मिलिमीटर, कधी एकोणऐंशी. याचं कारण काय?"

कारण मला माहीत होतं. पण ते सांगायचं म्हणजे टायफॉइड, माहेरी गेलेली बायको आणि दिवाळीचे लाडू त्या टेबलावर मांडायचे. चौथी शिकलेल्या सुताराची बोटं मांडायची. त्या खोलीत मला "मॅडम" म्हणत होते आणि ते मला गोड लागत होतं. मी हसून म्हणाले, "सवय हो. जुनी सुतारी पद्धत. तांत्रिक आधार काही नाही."

सगळे हसले. निरंजननं तेच शब्द यंत्रात भरले आणि खाली माझं नाव घातलं.

मापाच्या विमानांनी आमच्याकडे पुष्कळ गोष्टी बदलल्या. रोज सकाळी विमानाची खुर्ची तुम्हाला तोलायची. दोन किलो इकडेतिकडे चालायचं. तेवढ्यासाठी नाकातल्या टाकीत पाणी कमीजास्त व्हायचं. त्यापलीकडे गेलं की मोटरच चालू होत नसे. वैमानिकांच्या घरी ताटाशेजारी काटा आला. कुणाच्या लग्नात जिलबीचा आग्रह झाला की शेजारचा सांगायचा, "अहो, ते मापाचे आहेत." मग वाढपी पुढे सरकायचा. शलाकानं आठ वर्षांत माझ्या हातची दुसरी पुरणपोळी खाल्ली नव्हती. अठ्ठावन्न किलो. ते तिचं वजन नव्हतं, नोकरी होती.

आणि मग त्या पावसाळ्यात ती खायला लागली.

"मावशी, अजून एक भाकरी टाक."

"तिसरी? तुझं विमान काय म्हणेल?"

"ते मेलं काय म्हणतंय! हल्ली लाडात आलंय. दांडी अशी फिरते, नुसतं लोणी. दोन बोटांनी उडवते मी."

मी आनंदानं तवा तापवला. विमान हाकायची दांडी हलकी लागली की घाबरावं, गुरुत्वमध्य मागे सरकल्याची पहिली खूण तीच, हे मी स्वतः चाळीस वर्षं शिकाऊ मुलांना सांगत आले होते. पण त्या घटकेला मी तिच्या ताटाकडे बघत होते. तिचं मनगट किती बारीक झालंय, चहाचा कप बशीत ठेवताना किणकिणतो का, इकडे माझं लक्ष नव्हतं. मूल जेवतंय एवढंच दिसत होतं.

उंदरापाशी हात थांबला तो इथे. तीन भाकऱ्या. बारीक मनगट. लोण्यासारखी दांडी. पाच उंदीर.

कुंकवाची बोटं तशीच घेऊन मी काठी उचलली. काळवटच्या पठारावर आमचं घर आहे आणि घरापासून धावपट्टी दोनशे पावलांवर. तिथला राखणदार यासीनभाई मुल्लाणी वायरलेसच्या खोलीबाहेर बसून झेंडूच्या माळा ओवत होता.

"ताई, उनाचं कशाला आलात? शलाकाचं विमान ववाळलं की सकाळी! सगळ्यांची पूजा होईस्तोवर साडेदहा वाजले. रोज साडेसहाला जाते, आज हार घालून घेतला नि मग गेली."

पहाटे पठारावरची हवा तळ्यासारखी स्थिर असते. ऑक्टोबरच्या दुपारी कातळ तापतो आणि घाटमाथ्यावर हवा उकळत्या दुधासारखी वर येते.

"यासीनभाई, तिची पिशवी कुठे असते? विमानात?"

"पाठीमागच्या खणात. खुर्चीला जोडलाय तो. जड असती हो! म्हणलं, पोरी, दगूड नेतीस का काय? तर म्हणती, यासीनमामा, मावशीचे पाळलेले उंदीर आहेत." तो हसला, आणि माझं तोंड बघून थांबला.

ती जेवढी सुकली होती तेवढं शिसं बरोबर नेत होती. खण खुर्चीला जोडलेला, म्हणून खुर्चीच्या काट्यावर वजन बरोबर भरत होतं. पण शलाका बसते ती गुरुत्वमध्याच्या पुढे, आणि खण त्याच्या मागे. साडेसात किलो पुढून उचलून सव्वा मीटर मागे ठेवल्यासारखं झालं होतं. दोनशे किलोच्या विमानात गुरुत्वमध्य साडेचार सेंटिमीटर मागे. हे गणित मी उभ्या उभ्या केलं. शेपटी चार बोटं जास्त असती तर विमानानं नुसतं नाक मुरडलं असतं.

वायरलेस खरखरला. "काळवट, एकशे सात बोलतेय. जलाशय ओलांडला. माथ्यावर हवा फार उसळतेय. वीस मिनिटं."

यासीनभाईनं माइक माझ्या हातात दिला.

"शले, मी बोलतेय."

"मावशी? तू तिथे काय करतेस? नैवेद्य झाला?"

"पाच उंदीर कमी आहेत."

"घरी आल्यावर बोलू."

"आता बोलायचं. मागच्या खणात आहेत ना?"

"हो. पट्ट्यात घालून कमरेला बांधले होते आधी, हाडांना लागायचे. पण वजन बरोबर भरतंय, मावशी. तीन महिने उडतेय मी. काही होत नाही."

"तीन महिने पहाटे उडलीस. आणि वजन किती ते काट्याला कळतं. ते कुठे ठेवलंय हे शेपटीला कळतं. दांडी लोण्यासारखी का लागत होती?"

ती हुशार वैमानिक होती. दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. अगदी बारीक आवाज आला, "अगं बाई."

"वेग कमी करू नकोस. नाक खाली. वळायचंच झालं तर मोठं, पसरट वळण."

"तेच करतेय. शेपटी हलवणारी मोटर सारखी थरथरतेय. नाक आपोआप वर जातंय. मी दाबून धरलंय."

"एक हात मागे जातो का?"

"मापाचं विमान आहे हे, खांदा कसा फिरणार..." ती थांबली. "फिरतोय. मावशी, फिरतोय की."

आठ किलोंनी सुकली नसती तर फिरला नसता.

"एकेक उंदीर काढ. पायाशी टाकू नकोस, पॅडलखाली जातील. अंगावरच्या झग्याची चेन उघड आणि पोटाशी ठेव. ओच्यात चिंचा घेतात तशा."

"एक," ती म्हणाली. बऱ्याच वेळानं, "दोन. थोडं बरं वाटतंय." आणि मग एक चीत्कार आला, आणि वायरलेस बंद पडल्यासारखा शांत झाला.

यासीनभाई भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होता. त्याचे ओठ हलत होते. मीही बघत होते. बारा सेकंद. तेवढ्या वेळात मला त्या लांब टेबलाभोवतीचे सगळे चेहरे दिसले, एकूण एक, हसताना.

"आहे," शलाका म्हणाली. तिला धाप लागली होती. "एक गिरकी खाल्ली. दुसरी पुरी व्हायच्या आत सुटलं. तिसरा हातातच राहिला होता, तो आत टाकला नि नाक खाली आलं."

"चौथा काढ."

चौथा निघाला. पाचवा कोपऱ्यात घरंगळला होता, हाताला लागला नाही. ती चार उंदीर पोटाशी घेऊन आली. फार वेगात आली. धावपट्टी संपली तरी विमान थांबेना. चाक मोडलं, पंख करवंदीच्या जाळीत घुसला आणि काडकन तुटला. यासीनभाई पळत गेला. मला पळता येत नाही. मी खिडकीचे गज धरून उभी राहिले. धुळीतून त्याचा एक हात वर झाला आणि त्या हातानं दुसरा एक हात धरून वर केला, तेव्हा मी खाली बसले.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी थायरॉइड सांगितलं. गळ्यातली ग्रंथी जास्त काम करत होती. म्हणून भूक, म्हणून थरथर, म्हणून सुकणं. गोळ्या घेतल्या की सहा महिन्यांत अंग भरेल. तिला वसंतातच संशय आला होता. पण दवाखान्यात नाव लागलं की मापारीला कळतं, म्हणून गेली नव्हती.

सेवेच्या नोंदवहीत अपघाताचं कारण लागलं होतं, "वाऱ्याचा झोत". उंदरांचं आम्हा तिघांनाच माहीत होतं. शलाका पलंगावर भिंतीला टेकून बसली होती. पोटावर चार काळेनिळे वळ.

"मावशी, सांगू नकोस."

"शले..."

"ऐक तरी. माझं लायसन गेलं तर जाऊ दे. पण तू सांगितलंस तर सगळीच्या सगळी दोनशे बारा विमानं खाली येतील. शेपटी सगळ्यांचीच चिमुकली आहे. मग बिरूदादाचं काय?"

बिरू कोकरे पलीकडच्या धनगरवाड्यावर राहायचा. साखरेचा रोगी. तिथे वीज दिवसाआड, इन्सुलिन साठवता यायचं नाही, म्हणून शलाका आठवड्यातून दोनदा नेऊन द्यायची. तो तिला खव्याचा गोळा द्यायचा. ती तो खायची नाही, मला आणून द्यायची.

"आणि नाही सांगितलं तर? उद्या दुसरं कुणी सुकेल."

"मी सगळ्यांना सांगीन, मागे वजन ठेवू नका म्हणून. गुपचूप सांगीन."

"जो लपवतोय त्याला कसं सांगशील? तू मला सांगितलंस?"

ती म्हणाली, "तू तुझ्या मनाच्या समाधानासाठी सांगणार, आणि भोगणार बिरूदादा."

हे खोटं नव्हतं. म्हणूनच मी तिला त्या लांब टेबलाची गोष्ट सांगितली. सगळी. "सवय" हा शब्दसुद्धा. तिनं ऐकून घेतलं.

"म्हणजे तुला माहीत होतं."

"हो."

"मी मापारीच्या खोलीत गिरकी घेतली तेव्हा तू बाहेर पेढे घेऊन उभी होतीस, मावशी."

"हो."

तिनं भिंतीकडे तोंड केलं. मी त्याच संध्याकाळी पत्र लिहिलं.

तिसऱ्या दिवशी दोनशे बारा विमानं बंद झाली. औषधं जीपनं जाऊ लागली. जलाशयाला वळसा घालून सहा तास, आणि पावसात ढासळलेला घाटरस्ता अजून अर्धाच दुरुस्त झालेला. तपासणीत आणखी नऊ वैमानिक सापडले, सुकलेले आणि ते लपवणारे. एकानं वाळूच्या पिशव्या वापरल्या होत्या. एकीनं देवघरातली पितळेची समई. तीही मागच्या खणात. मला बरं वाटायला हवं होतं.

तेविसाव्या दिवशी जीप धनगरवाड्यावर दीड दिवस उशिरा पोहोचली. बिरू आदल्या रात्रीच गेला होता.

शलाका दहाव्याला गेली. शेवटचा टप्पा चालत. परत आली तेव्हा तिच्या हातात खव्याचा गोळा होता; बिरूच्या बायकोनं दिलेला. तिनं तो माझ्यापुढे ठेवला नाही. ओट्यावर ठेवला आणि आत गेली. त्यानंतर आमच्यात "भाकरी झालीय" आणि "गोळी घेतली" एवढंच बोलणं राहिलं.

डिसेंबरात निरंजनचा फोन आला. आता त्याचेही केस पिकलेत. "मॅडम, मापारी आमचं ऐकत नाहीये. शेपटी वाढवा म्हटलं की तुमची जुनी नोंद दाखवतो, तांत्रिक आधार नाही म्हणून. तज्ज्ञानं दिलेलं कारण त्या तज्ज्ञानंच बदलावं लागतं, असा नियम आम्हीच घातलाय. तुम्हाला यावं लागेल." पुढे म्हणाला, "आणि एक सांगून ठेवतो. शेपटी वाढली की पल्ला कमी होणार. सहा वाड्या आवाक्याबाहेर जातील. बिरू कोकऱ्यांचा धनगरवाडा त्यात आहे."

शलाका मला घेऊन गेली. मी एकटी एवढा प्रवास करू शकत नाही म्हणून, दुसरं काही कारण नाही, असं तिनं गाडीत न विचारता सांगितलं. तिचं अंग थोडं भरलं होतं.

काचेच्या खोलीत मी प्रथमच गेले. आवाज मवाळ होता, ना बाईचा ना पुरुषाचा.

"जुनी नोंद अशी आहे. शेपटी जास्त असण्याचं कारण : सवय, जुनी सुतारी पद्धत, तांत्रिक आधार नाही. ही बदलायची?"

"हो."

"नवं कारण सांगा."

काचेपलीकडे निरंजन उभा होता, त्याच्यामागे दहा-बारा तरुण मुलं. मी म्हणाले, "विमान सुकत नाही आणि फुगत नाही. माणूस सुकतं. टायफॉइड होतो. बायको माहेरी जाते. दिवाळीचे लाडू होतात. थायरॉइड होतो आणि नोकरी जाईल म्हणून माणूस लपवतं. त्या माणसासाठी चार बोटं जास्त."

कुणी हसलं नाही.

"कारण समजलं. माणसाचं वजन ठाऊक आहे असं धरायचं नाही. माप अजून समजलेलं नाही. जुन्या आराखड्यांत चार बोटं सहासष्ट ते एकोणऐंशी मिलिमीटर आहेत. कोणाची बोटं धरू?"

समोरच्या काचेवर हाताच्या आकाराची उजळ जागा झाली. मी हात ठेवला. म्हातारपणानं माझीही बोटं सुकलीत. सांध्यांतून वळलेली, मध्ये फटी पडणारी. मला ती पुरेशी वाटेनात. मी मागे वळून बघितलं. शलाका दाराशी उभी होती. तिनं क्षणभर ओठ घट्ट मिटले, मग पुढे आली आणि माझ्या हाताशेजारी आपला हात ठेवला.

"दोन मापं मिळाली. एकसष्ट आणि अडुसष्ट. कोणतं धरू?"

"दोन्ही नको," शलाका म्हणाली. "जुन्यातलं सगळ्यांत मोठं धर. एकोणऐंशी." आणि काचेवरचा हात काढत, माझ्याकडे न बघता म्हणाली, "बिरूदादाची बोटं तेवढी होती."

"एकोणऐंशी मिलिमीटर. दोन्ही बाजूंना. नोंद केली. कारण देणाऱ्या तज्ज्ञाचं नाव सांगा."

"श्रीपती पांचाळ."

"हे नाव तज्ज्ञांच्या यादीत नाही. हुद्दा?"

मी हात काचेवर तसाच ठेवला होता.

"सुतार," मी म्हणाले.